रंग लावायच्या आधी आण

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

आपल्या मॉडेल जोडणाऱ्यांच्या कट्ट्याबद्दलचा तुझा निरोप वाचला. "आता काही महिने घरीच करतो काका, हात बसला की कट्ट्यावर आणतो." वाचून राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. राग उतरलाय, मत मात्र तेच आहे.

आधी तुझ्या नॅट विमानाच्या मॉडेलचं बोलू, कारण दुखणं तिथं आहे. मी ते हातात घेतलं आणि "अरे, हे तर ट्रेनर आहे" म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. तू डबा बंद केलास आणि चहा न घेता निघून गेलास. नंतर दोघातिघांनी मला ऐकवलं की पोरगं नवीन आहे, जरा सांभाळून घ्यायचं होतं. काय सांभाळायचं? परमवीरचक्रवाले सेखों 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरहून ज्यात उडाले ते एका माणसाचं लढाऊ नॅट. तू आणलेल्या खोक्यात ब्रिटिशांचं दोन सीटचं शिकाऊ नॅट होतं, रेड ॲरोज या त्यांच्या हवाई कसरतीच्या पथकाचं. आपल्या वायुदलाने ते कधी वापरलंच नाही. मागची सीट एम-सीलने बुजवून ते लढाऊ होत नाही, कारण त्याचं धडच जवळजवळ एक मीटरने लांब आहे, पंख मोठे आहेत, शेपूटही मोठं. 1/72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या मापात, लांबीचा फरक तेरा मिलिमीटर भरतो. तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. मी गप्प बसलो असतो तर तो कमी झाला असता का? उद्या दुसरा तसाच कोणी ट्रेनर घेऊन आला, तर त्यालाही मी हेच सांगणार.

आता दुसरी बाजू. बुजवलेल्या सीटवरचा उंचवटा तू वॉटर पेपरने असा घासला होतास की बोट फिरवलं तरी जोड लागत नव्हता. चारशे नंबरने सुरुवात करून दोन हजारापर्यंत गेल्याशिवाय तसा हात लागत नाही. हे मी बोललो असतो, तू थांबला असतास तर.

पण माझं खरं भांडण चुकीच्या खोक्याशी नाहीच. खोकी सगळ्यांचीच चुकतात. तू ते रंगवून, डिकल, म्हणजे खुणांची चित्रं, लावून, वर मॅट कोट मारून आणलंस, याच्याशी आहे. तेच धड दोन फोडींमध्ये असताना टेबलावर ठेवलं असतंस तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. कोणीतरी अदलाबदलीला दुसरं खोकं काढलं असतं. नाहीतर तूच म्हणाला असतास, चला, लाल रंगवतो, रेड ॲरोज तर रेड ॲरोज. म्हणून सांगतो, रंग लावायच्या आधी आण.

रंग चढला की समोरच्याला बोलायला दोनच गोष्टी उरतात, "छान झालंय" किंवा तुला लागेल असं काहीतरी. तिसरं, म्हणजे कामाचं, ते रंगाखाली गेलेलं असतं. आपला पातळ गोंद हा काही डिंक नव्हे. तो दोन्ही कडांचं प्लॅस्टिक विरघळवतो आणि सुकल्यावर दोन्ही भाग एकच होतात. म्हणजे जोड वाकडा बसला असेल तर तो सोडवायला नाही, मोडायला लागतो. मग कोण सांगेल तुला? सांगून उपयोग काय?

कट्ट्यावर ओझरचे एक निवृत्त फिटर येतात, बघितलंयस ना, कोपऱ्यात बसतात, किट कधी करत नाहीत, नुसते हातात घेऊन बघतात. मिग-21 वर हयात गेली त्यांची. एकदा एकाने रंगवलेलं मिग त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे हो." संपलं. पुढे कधीतरी दुसऱ्या एकाने तेच विमान नुसतं टेप लावून आणलं, नाकातला शंकू हातात सुटा. त्यांनी शंकू घेतला, तोंडात बसवला, मागे ढकलला आणि म्हणाले, "जमिनीवर हा इथं असतो. आवाजाच्या वेगाच्या बराच पुढे गेलं की बाहेर येतो. तू पुढे काढून चिकटवणार होतास, म्हणजे विमान हँगरमध्ये उभं राहून सुसाट सुटलंय." मग चाकांच्या खोबणीबद्दल बोलले, झाकणांबद्दल बोलले, चहा गार झाला तरी बोलत होते. पहिल्या वेळीही माणूस हाच होता आणि विमानही हेच. त्या विमानावर रंग होता, याच्यावर नव्हता.

त्या पहिल्याच्या मिगचा शंकू आजही पुढेच आहे. त्याला माहीत नाही, आणि आता कोणी सांगणारही नाही.

तुला वाटत असेल, म्हातारा एकच घोडं दामटतोय. दामटतोय खरा. माझी उमेदीची वर्षं बदल्यांच्या गावी गेली. रात्री ट्यूबलाइटखाली एकटा बसून किटं जोडायचो. शेजारचे मुलांना घेऊन यायचे, मुलं "खेळणं द्या" म्हणायची, मोठी माणसं "वा, छान" म्हणायची. अख्खं कपाट भरलं त्या "वा, छान" वर. आरशात बघावं तशी स्वतःचीच नजर परत यायची. ती वर्षं गेली ती गेली. आता गावात शनिवार-रविवार चार डोकी टेबलाभोवती बसतात, एकाला इंजिन कळतं, एकाला रंग, एकाला नुसता घासायचा हात आहे पण काय घासतो! आणि तू बाविसाव्या वर्षी स्वखुशीने ट्यूबलाइटखाली जायला निघालास. म्हणून राग आला. एवढंच.

बाकी तुझे प्रश्न.

1/72 की 1/48 की 1/35? जे टेबलावर मावेल ते. 1/72 म्हणजे सहा फुटांना एक इंच, हिशेब सोपा म्हणून ब्रिटिशांनी धरलं. 1/35 मागे तर काही तत्त्वच नाही. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा केला, त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या, त्या बसतील एवढा रणगाडा झाला, आणि मग जग त्या मापाच्या मागे लागलं. तेव्हा मापावरून रात्र जागवू नकोस.

एअरब्रश आत्ताच घेऊ का? नको. पावसाळा तोंडावर आलाय. दमट हवेत लॅकर मारलास तर थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी धूळ बसल्यासारखं दिसतं. दिवाळीनंतर बघू. तोवर ब्रश. आणि भाग रंगवण्याआधी साध्या भांडी घासायच्या साबणाने धू, साच्यातलं तेल निघू दे. चुकलेला रंग काढायला नेलपॉलिशचं रिमूव्हर मात्र लावू नकोस. ॲसिटोनने पॉलिस्टायरीन वितळतं, पंखाची पुरणपोळी होते.

"त्या हिरव्याची छटा चुकली म्हणाले" याचं तुला फार लागलेलं दिसतंय. ते सोड. 65 च्या लढाईत आपल्या चंदेरी विमानांवर घाईघाईने रंग फासले गेले, त्या काळचे बहुतेक फोटो काळे-पांढरे, आणि लोक आज छटेवरून भांडतात. भांडू दे. छटा परत मारता येते. धडाची लांबी परत मारता येत नाही. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांमध्येसुद्धा परीक्षक टॉर्च घेऊन आधी जोड बघतात, पुढून पंख दोन्हीकडे सारखे उचललेत का बघतात, चाकं सगळी टेकलीत का बघतात. रंग त्यानंतर. त्यांनाही शेवटी तेच हवंय जे मी सांगतोय.

घरचे म्हणतात खेळणी. म्हणू देत. माझ्या घरी अजून म्हणतात.

बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय पाहिलं नसशील तर गोव्याला जाशील तेव्हा आधी तिथे जा, बीचवर नंतर. सी-हॉक आणि आलिझे उघड्यावर उभी आहेत, जुन्या विक्रांतवरून उडणारी जात ती. सी-हॉकच्या पंखाची घडी जिथे पडते तिथे उभा राहा आणि फोटो काढ, वरून नाही, खालून. खोक्यावरच्या चित्रात ते कधीच दिसत नाही. पुढेमागे सी-हॉक करायला घेतलंस तर तेच फोटो टेबलावर लागतील.

आता कामाचं. लढाऊ नॅटचं खोकं तू मागवलंयस असं कळलं. आलं की भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, निपरने काप, सुरीने ओढून तोडू नकोस, प्लॅस्टिकचा लचका निघतो. धडाच्या दोन फोडी, पंख, शेपूट, सगळं नुसतं मास्किंग टेपने बांध. गोंद नाही. नाकात वजनासाठी शिसं किती लागेल ते आपण तिथे तराजूसारखं बोटावर तोलून ठरवू, नाहीतर जेट शेपटीवर बसतं. तुझं ते जुनं ट्रेनरही आण. त्याला लाल रंग द्यायचा झाला तर वरचा रंग उतरवायला माझ्याकडे एक बाटली आहे, खालच्या प्लॅस्टिकला धक्का लागत नाही.

रविवारी साडेचारला. आणि आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तिथे येऊन मलाच कायदा शिकवशील: कॉकपिट आतून रंगवून आणायला हरकत नाही. धड बंद झाल्यावर तिथे ब्रश जात नाही. तेवढीच सूट.

तुझा,
काका