अमेरिकन माणूस सॉकरला नाक का मुरडतो, आणि त्यावरून ऑनलाइन एवढी हमरीतुमरी का होते?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. मेस्सी २०२३ पासून मायामीत खेळतो आहे, १९९४ नंतर २०२६चा विश्वचषकही अमेरिकेच्या वाट्याला आला (या वेळी कॅनडा आणि मेक्सिकोच्या जोडीने), तरी तिथला माणूस या खेळाला नाक का मुरडतो, हा पहिला भाग. एका चित्रफितीखाली तुम्ही कौतुकाची दोन वाक्ये लिहिली आणि अनोळखी लोक तुमच्यावर तुटून पडले, ते का, हा दुसरा. मी मूळचा कोल्हापूरचा, आणि गेली चौदा वर्षे ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहतो. एका फुटबॉलवेड्या गावातून दुसऱ्या फुटबॉलवेड्या गावात आलो. मधल्या विमानप्रवासात फक्त चेंडूचा आकार बदलला: इथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ, आणि आपल्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात.

पहिल्या भागाबाबत, सरसकट 'द्वेष' हा शब्द मी वापरणार नाही. गॅलप या संस्थेने २०२३ अखेरीस अमेरिकनांना पाहायला सर्वांत जास्त आवडणारा खेळ विचारला, तेव्हा ४१ टक्के लोकांनी त्यांच्या स्वतःच्या फुटबॉलचे नाव घेतले. बेसबॉलला १०, बास्केटबॉलला ९ आणि सॉकरला ५ टक्के मिळाले. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या मनात सॉकरविषयी राग नसतो, कारण राग येण्याइतका विचारच त्यांनी त्या खेळाचा केलेला नसतो. मात्र एक लहान, कर्कश वर्ग असा आहे की ज्याला हा खेळ न आवडणे हीच स्वतःची ओळख वाटते, आणि तुमची गाठ बहुधा त्याच्याशी पडली असावी.

या वर्गाचा मुख्य आक्षेप असा की हा खेळ परका आहे. इतिहास पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात, पोलाद कारखान्यांच्या आणि कापड गिरण्यांच्या गावांमध्ये, व्यावसायिक सॉकरची चांगली चालणारी लीग होती. १९३०च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीत पोहोचली होती, आणि विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक बर्ट पेटनॉड या अमेरिकन खेळाडूच्या नावावर आहे. १९५० साली ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते इथे अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवले. तो गोल हैतीत जन्मलेल्या जो गेटजेन्सचा होता. 'सॉकर' हा शब्दही अमेरिकनांनी पैदा केलेला नाही. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तिच्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलला असोसिएशन फुटबॉल म्हणू लागले, आणि इंग्रज विद्यार्थ्यांनी रग्बीचे जसे 'रगर' केले तसे 'असोसिएशन'मधला तुकडा उचलून 'सॉकर' केले. इंग्लंडमध्ये हा शब्द विसाव्या शतकात बराच काळ सर्रास चालत होता. तेव्हा 'सॉकर' म्हणणाऱ्या अमेरिकनाला अडाणी ठरवणारा इंग्रज खरे तर आपल्याच आजोबांची टिंगल करत असतो.

इतिहास असा असूनही परकेपणाची भावना टिकली, कारण ती टिकवण्यात काहींना रस होता. १९८६ साली विश्वचषकाच्या यजमानपदाला पाठिंबा देणारा ठराव अमेरिकन काँग्रेससमोर आला, तेव्हा जॅक केम्प हे सदस्य, जे स्वतः पूर्वी बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारे मुख्य खेळाडू, होते, विरोधात बोलायला उभे राहिले आणि आपला फुटबॉल लोकशाहीवादी व भांडवलशाहीवादी, तर सॉकर हा युरोपीय समाजवादी खेळ आहे, असे त्यांनी सांगितले. यात थट्टेचा भाग होता हे मान्य. पण थट्टेतून सांगितलेली गोष्ट वादविवादातून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त दिवस लोकांच्या तोंडी राहते.

याखेरीज व्यवहाराची अडचण होती. सॉकरचा डाव ४५ मिनिटे सलग चालतो, आणि जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिन्यांना दर पाच-सात मिनिटांनी थांबणारा खेळ जास्त सोयीचा वाटतो. बरोबरीत सुटणारा सामना तर इथल्या प्रेक्षकाला अपुऱ्या राहिलेल्या जेवणासारखा वाटतो. १९९६ साली दहा संघांची नवी राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या चालकांनी याच प्रेक्षकाला खूश करण्यासाठी घड्याळ उलटे चालवले, म्हणजे ते ४५ वरून शून्याकडे यायचे, आणि बरोबरी मोडण्यासाठी खेळाडूला ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन एकट्या गोलकीपरवर धावत जायला लावले. ज्याला सॉकर आवडत नव्हता तो यामुळे आला नाही, आणि ज्याला आवडत होता त्याला शरमेने मान खाली घालावी लागली. चार हंगामांनंतर दोन्ही प्रकार गुंडाळले गेले. माझ्या मते आजच्या ऑनलाइन भांडणांपैकी निम्मी तरी या जुन्या शरमेतून निघतात.

असे म्हणण्याला माझा एक छोटा अनुभव कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या कोलंबस क्रू संघाने लॉस अँजेलिसच्या संघाला २-१ असे हरवून याच राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात याव येबोआने केलेला आमच्या संघाचा दुसरा गोल मला फार आवडला होता, आणि मी त्याच्या चित्रफितीखाली तसे लिहिले. दहा मिनिटांत तीन उत्तरे आली. पहिल्याने लिहिले की हा लहान मुलांचा खेळ आहे. दुसरा बहुधा इंग्रज असावा, त्याने 'फुटबॉल म्हणा' एवढेच बजावले. या दोघांचे मला काही वाटले नाही. तिसरा मात्र स्वतः सॉकरचा भक्त होता, शिवाय ओहायोचाच, आणि त्याने सहा ओळींत माझी लायकी काढली: ही लीग म्हणजे म्हाताऱ्या खेळाडूंची पेन्शन आहे, तिच्यातल्या गोलाचे कौतुक करणाऱ्याला खेळ कळतच नाही, आणि मी ज्या देशातून आलो तिथे तरी कुणाला कळतो. तिघांत सर्वांत विखारी तोच होता.

अशा माणसाला इथे 'युरोस्नॉब' म्हणतात. तो शनिवारी पहाटे उठून इंग्लिश लीग पाहतो आणि घराजवळच्या स्टेडियमकडे फिरकत नाही. त्याच्या उलट टोकाला स्थानिक लीगचे अभिमानी असतात. या दोघांमधला कायमचा वाद म्हणजे बढती आणि घसरण. युरोपात तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. अमेरिकेत संघ ही मालकांनी पैसे मोजून घेतलेली जागा असते, त्यामुळे कितीही हरले तरी कुणी खाली जात नाही. प्रश्न खरा आणि चर्चा करण्याजोगा आहे, परंतु त्यावर शांतपणे चाललेली चर्चा मी गेल्या चौदा वर्षांत दोन-तीनदाच पाहिली असेल. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. परक्याने आपला खेळ कमी लेखला तर फार लागत नाही. आपल्याच खेळावर प्रेम करणारा ते प्रेम वेगळ्या रीतीने करतो, हे मात्र सहन होत नाही.

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग या ठिकाणी आठवतात. मुलांना अगदी क्षुल्लक निमित्ताने, जसे की दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रे आवडली यावरून, दोन गटांत टाकले आणि पैसे वाटायला सांगितले. तेवढ्यानेही मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. इतकेच नाही, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल पण समोरच्या गटापेक्षा जास्त मिळावे, असा त्यांचा कल दिसला. या मुलांच्या हातात फोन देऊन त्यांची नावे लपवली की आजचे चित्र तयार होते.

अर्थात वैर इंटरनेटने आणले असे म्हणणे खोटे ठरेल. आमच्या शहरात नोव्हेंबरअखेर ओहायो स्टेट आणि मिशिगन या विद्यापीठांचा फुटबॉल सामना येतो, तेव्हा आठवडाभर विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल पट्टीची फुली मारलेली असते. ग्रंथालय असो, दवाखाना असो, 'एम' दिसला की फुली. ओहायो स्टेटचे जुने प्रशिक्षक वुडी हेज तर मिशिगनचे नाव घेण्याचे टाळून 'उत्तरेकडचा तो संघ' म्हणत. कोल्हापुरात आम्ही याला ईर्ष्या म्हणतो. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठापेठांतली ईर्ष्या कशी पेटते, आणि कधी कधी दगडांपर्यंत कशी जाते, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की पेठेतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच दुधाच्या कट्ट्यावर समोरच्याचे तोंड पाहावे लागे. ऑनलाइन शिवी देणाऱ्याला ती सकाळ कधी उजाडत नाही. २०२१च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वाट्याला ऑनलाइन जे शिव्याशाप आले, आणि त्याच वर्षी पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर मोहम्मद शमीच्या वाट्याला जे आले, ते पाहता हा रोग अमेरिकेचा किंवा सॉकरचा नाही. अमेरिकेत २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यांत सट्टा कायदेशीर झाल्यापासून पैसे हरलेल्यांचा एक नवा वर्ग या शिवीगाळीत सामील झाला आहे, एवढी भर इथली.

तेच माध्यम उपयोगीही पडते, हे नोंदवायला हवे. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये क्रूच्या तेव्हाच्या मालकांनी संघ टेक्सासमधल्या ऑस्टिनला हलवण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा 'सेव्ह द क्रू' ही चळवळ चाहत्यांनी आधी ऑनलाइनच उभी केली आणि मग ती रस्त्यावर आणि नगरपालिकेत नेली, तर ओहायो राज्य आणि कोलंबस शहराने न्यायालयात दावा लावला. नवे मालक मिळाले आणि संघ राहिला. त्या वर्षभरात युरोस्नॉब आणि स्थानिक अभिमानी एकाच फलकाखाली उभे असलेले मी पाहिले. संघ वाचल्यावर ते पुन्हा भांडू लागले.

'लहान मुलांचा खेळ' म्हणणारा कुणी तुम्हालाही भेटला असेल, तर त्याला मी तरी उत्तर दिले नसते. माझ्या कार्यालयात असाच एक सहकारी आहे. नव्वद मिनिटांत एकही गोल होत नाही त्याला खेळ कसे म्हणायचे, हा त्याचा आवडता विनोद. मागच्या शरद ऋतूत एका शनिवारी सकाळी तो मला बागेतल्या मैदानावर दिसला. कडाक्याच्या थंडीत घडीची खुर्ची बाजूला टाकून तो रेषेवर उभा होता आणि ऑफसाइड दिला म्हणून रेफरीवर ओरडत होता. मी जवळ जाऊन विचारले की तुम्ही तर सॉकर पाहत नाही. त्याने मैदानावरची नजर न काढता उत्तर दिले, "सॉकर कोण पाहतंय? माझी मुलगी खेळतेय."