पाहुण्यांना काय सांगू?

प्रश्न : मुलगी दोन वर्षं लातूरला नीटची तयारी करते आहे. यंदाही गुण कमी पडले. आता ग्राफिक डिझाइन करते म्हणते. घरी आली की आजीच्या गोळ्यांचे तक्ते काढत बसते. चित्रं काढून पोट भरतं का? एवढा खर्च झाला, आता पाहुण्यांना काय सांगू? तुम्हीच समजवा. – एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : तुमच्या पत्रात खर्च आहे, पाहुणे आहेत, मुलीचं स्वतःचं म्हणणं मात्र जेमतेम एका ओळीत आहे. मला काळजी वाटते ती त्याची. दोन वर्षं घराबाहेर राहून टेस्टवर टेस्ट दिलेली मुलगी आता नको म्हणत असेल, तर तिसरी खेप तिच्यावर लादू नका. पाहुण्यांना खरं तेच सांगा.

डिझाइन म्हणजे चित्रकला, हा तुमचा समज आधी काढून टाकू. डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ लिहितात. अक्षरओळख नसलेल्या बाईला त्यातून काय कळणार? सूर्य-चंद्र काढून भागत नाही, कारण उगवता आणि मावळता सूर्य कागदावर सारखाच दिसतो. लाल-हिरव्या खुणा झेरॉक्समध्ये करड्या होतात. उर्दू वाचणाऱ्या घरात चित्रांची आडवी ओळ उजवीकडून वाचली जाऊ शकते, मग रात्रीची गोळी सकाळी पोटात जाते. म्हणून वेळा वरून खाली मांडायच्या, प्रत्येक चौकोनात त्याच गोळीच्या रिकाम्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा, ओळींत एवढी जागा सोडायची की वरचा उकार खालच्या मात्रेला भिडणार नाही. तक्ता चिठ्ठीशी ताडून घ्यायचा. मग काहीही न समजावता आजीला विचारायचं, ‘रात्री कोणती घेणार?’ तिचं उत्तर चुकलं तर दुरुस्ती तक्त्यात करायची. पीकविम्याचा अर्ज, रेशनची सूचना, ओपीडीतली पाटी वाचता न आल्यानं आपल्याकडे माणसं हक्काच्या गोष्टींना मुकतात. तुमची मुलगी नेमकं हेच काम करू पाहते आहे.

पोट भरतं. पण सुरुवात बहुधा पॅकेजिंग, ॲप, छपाईच्या कामातून होते. समाजोपयोगी कामावर लगेच घर चालेल, अशी आशा तिनंही धरू नये. नुसतं कोरलड्रॉ-फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासात पैसे घालू नका.

त्यापेक्षा पदवीकडे बघा. आयआयटी मुंबई घेते त्या युसीड या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते, एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या परीक्षेला वयाची. राज्यातल्या बीएफए या कलेच्या पदवीसाठी कला सीईटी ही प्रवेशपरीक्षा आहे. त्यातली उपयोजित कला, म्हणजे ग्राफिक डिझाइनची शाखा, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातही शिकवतात. आणखी एक वर्ष नीटला दिलंत तर यातली काही दारं बंद होतील. या आठवड्यात तिन्ही परीक्षांच्या माहितीपुस्तिका तिच्यासोबत बसून वाचा आणि कोणता फॉर्म भरायचा ते तिला ठरवू द्या.