आमरीची (ऑर्किडची) कुंडी केव्हा बदलावी?

प्रश्न : भेट मिळालेल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची फुले गळून गेली असून पाने सुरकुतली आहेत. रोज पाणी घालूनही सुधारणा दिसत नाही. कुंडी बदलावी का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कुंडी अवश्य बदलावी आणि रोजचे पाणी आजच थांबवावे. पाने सुरकुतलेली पाहून झाड तहानले आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सतत ओलीत राहिलेली मुळे कुजतात आणि मग भरपूर पाणी असूनही ते पानांपर्यंत पोहोचत नाही. राधानगरीच्या जंगलातील अनेक आमरींप्रमाणे हेही झाडांच्या खोडांवर वाढणारे ऑर्किड असल्याने त्याला मातीत कधीही लावू नये.

झाड अलगद बाहेर काढून प्रत्येक मूळ बोटांनी दाबून पाहावे. टणक मुळे राखावीत. जी मऊ, तपकिरी असतील आणि ओढताच ज्यांची साल निघून आत दोरा उरेल, ती ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापावीत. मुळे जेमतेम मावतील एवढ्याच, भरपूर छिद्रांच्या कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा आणि धुतलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. बाहेर डोकावणारी मुळे बळेच आत कोंबू नयेत.

त्यानंतर ४-५ दिवस पाणी देऊ नये. पुढेही मुळे रुपेरी दिसू लागल्यावरच द्यावे; हिरवी असेपर्यंत थांबावे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या झडीत तर ही काळजी विशेष घ्यावी आणि पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी कापसाने टिपून घ्यावे.