शंका-समाधान : इंग्लंडचा फसलेला आरोग्य-संगणक प्रकल्प

प्रश्न : रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणण्याच्या प्रकल्पावर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने अब्जावधी पौंड खर्च केले आणि अखेर तो गुंडाळला, असे वाचनात आले. काम पूर्ण न करणाऱ्या कंपन्यांकडून हा पैसा वसूल का करता आला नाही? – एक वाचक

उत्तर : आपला प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. हा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला आणि तो इंग्लंडपुरता होता. रुग्ण कोणत्याही रुग्णालयात गेला तरी त्याची नोंद तेथे उघडता यावी, हा त्यामागील हेतू मला आजही रास्त वाटतो. मात्र देशाचे पाच विभाग पाडून मोठ्या कंपन्यांशी जे करार झाले, ते अतिशय घाईने झाले. ज्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना ही यंत्रणा रोज हाताळायची होती, त्यांच्याशी पुरेशी चर्चाच झाली नव्हती. रुग्णालयागणिक कामाची पद्धत निराळी असल्यामुळे वरून ठरवलेली यंत्रणा रुजेना, मुदती टळत गेल्या आणि २०११ मध्ये सरकारने कार्यक्रम मोडीत काढल्याचे जाहीर केले. एकूण खर्चाचा अंदाज पुढे ९.८ अब्ज पौंडांवर गेला.

यातला सगळाच पैसा वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण क्ष-किरण प्रतिमा संगणकावर साठवण्याची आणि पाहण्याची सोय याच कार्यक्रमातून रुग्णालयांना मिळाली.

वसुलीची गोष्ट मात्र संताप आणणारी आहे. सीएससी या कंपनीशी झालेले करार ३.१ अब्ज पौंडांचे होते आणि त्यांत सुमारे २२० रुग्णालय-संस्थांना नोंदींची यंत्रणा पुरवायची होती. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने २०१३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा संस्थांची संख्या २२ वर आली होती, तरीही खर्च २.२ अब्ज पौंड अपेक्षित होता. यंत्रणा बसवून घेण्यास पुरेशी रुग्णालये तयार ठेवण्याची जबाबदारी कराराने सरकारवर टाकली होती; ती सरकारलाच पार पाडता आली नाही, त्यामुळे कंपनीला जाब विचारताना त्याचीच बाजू लंगडी पडली. फुजित्सूशी असलेला करार २००८ मध्ये संपुष्टात आला, तेव्हा तर त्या कंपनीनेच सरकारकडे भरपाई मागितली. २०१३ मध्येही तो वाद मिटलेला नव्हता आणि त्यातील वकिलांवर ३ कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च झाली होती.