गाडीचं टेंपरेचर काटा एकदम लाल वर गेला तर काय करायचं, बोनेट उघडून पाणी ओतायचं का?

नाही, लगेच पाणी अजिबात ओतू नका. आधी एसी बंद करा आणि हीटर फुलवर लावा, गरम होईल आत पण इंजिनची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते, आणि तेवढ्यात जागा बघून गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लावा, इंजिन बंद. बोनेटमधून वाफ येत असेल तर उघडायची घाई नको.

सगळ्यात डेंजर म्हणजे रेडिएटरचं (इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं) झाकण. आत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, प्रेशरखाली असतं, 100 डिग्रीच्या वर गेलेलं असतं तरी उकळत नाही, झाकण सैल केलं की प्रेशर जातं आणि उकळतं कूलंट फवाऱ्यासारखं तोंडावर येतं, खूप वाईट भाजतं. म्हणून निदान अर्धा तास थांबा, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताला गार लागला की मगच जाड फडकं टाकून झाकण हळूहळू फिरवा, वाफेचा सुस्स आवाज संपेपर्यंत थांबा. रेडिएटरच्या पंख्यात बोटं घालू नका, तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

कूलंट कमी दिसलं तर गार झाल्यावरच भरा, तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी गेलं तर हेड (इंजिनचा वरचा धातूचा भाग) तडकू शकतं. साधं पाणी तात्पुरतं चालतं, नंतर योग्य कूलंट भरून घ्याच. आणि पुन्हा लेव्हल उतरली तर कुठेतरी लीक आहे, नुसतं भरत राहू नका, मेकॅनिकला दाखवा. गाडीखाली कूलंट सांडलेलं असेल तर पुसून काढा, चवीला गोड असल्याने कुत्री चाटतात, मांजरंही चाटू शकतात आणि ते त्यांना विषारी असतं.