मोटरहोमच्या बॅटऱ्या आणि हिवाळा

प्रश्न : बर्फाळ भागात मोटरहोम चार महिने उभं राहणार आहे. राहत्या भागासाठी १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. मुख्य स्विच बंद केला की भागेल का?

उत्तर : नुसत्या स्विचवर विसंबू नका. गॅसगळतीचा सेन्सर, रेडिओची मेमरी अशा गोष्टी बऱ्याच गाड्यांत स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर असतात आणि काही आठवड्यांत ती उतरवतात. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० अंशांपर्यंतही सहसा गोठत नाही. पार उतरलेलीतलं ॲसिड इतकं पातळ होतं, की उणे १० च्या आसपासच गोठून डबा तडकतो.

म्हणून आधी पूर्ण चार्ज करा, जोडणीचा फोटो काढा, मग निगेटिव्ह केबल आधी आणि पॉझिटिव्ह नंतर सोडवा. बॅटऱ्या कोरड्या, हवेशीर, गार जागी ठेवा. उबेत त्या आपोआप लवकर उतरतात, तेव्हा हीटरशेजारची जागा चुकीचीच. महिन्यातून एकदा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा : १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर ठीक, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. गोठलेली बॅटरी मात्र कधीही चार्जरला लावू नका.

प्रश्न : लिथियम बॅटरीला हेच नियम का?

उत्तर : नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून सोडवा. शून्याखाली तापमानात चार्जिंग अजिबात नको. आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते. छतावरचं सोलर पॅनेलही बंद करा, ते हमखास विसरलं जातं.