आईला मधे न घेता बोल

अगं, तुझा मेसेज वाचला. मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी काम दिलं, तू हो म्हणालीस आणि मग टीममधल्या मैत्रिणीला सांगितलंस की तूच बोल ना सरांशी, माझं लोड खूप झालंय. आता विचारतेस की माझ्यात कॉन्फिडन्सच नाहीये का. मला नाही वाटत तसं. तूच मागे सांगितलेलंस ना की तुमच्याकडे बाबांपर्यंत काहीही पोचवायचं तर आईमार्फत, सहलीचे पैसे असोत नाहीतर सायन्स नको आर्ट्स हवंय असो, आधी किचनमध्ये आईला सांगायचं आणि मग ती जेवणं झाल्यावर बाबांचा मूड बघून विषय काढणार. लहानपणापासून हेच केल्यावर थेट बोलायची सवय लागणार कुठून? ऑफिसातही तू आईच शोधतेयस.

मॅक्लिओड आणि चाफी या अमेरिकन संशोधकांनी 1970च्या दशकात घरातल्या बोलण्याच्या दोन बाजू बघितल्या होत्या, एक म्हणजे मोकळी चर्चा किती होते आणि दुसरी म्हणजे मोठ्यांच्या मताने चालायचा आग्रह किती. आपल्याकडे बऱ्याच घरांत दुसरं भरपूर आणि पहिलं जेमतेम. शिस्त वाईट नाही हं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंडने 1960च्या दशकात बर्कलेत लहान मुलांचा अभ्यास केला, त्यात नियम पाळायला लावणारे पण त्यामागचं कारण सांगणारे आणि मुलांचंही ऐकून घेणारे आईवडील होते, त्यांची मुलं जास्त स्वावलंबी दिसली. खरा घोळ "मोठ्यांमध्ये बोलू नको" म्हणून विषय तिथेच संपवतात त्यात आहे.

आणि गप्प बसलेलं माणूस कधीतरी फुटतंच, दिवाळीला तू ओरडलीस ते कोणावर, तर आईवर, जिचा काही संबंधच नव्हता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची आरईबीटी, म्हणजे आपले अविवेकी विचार ओळखून बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी रुजवली, त्यातली एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. "बाबा नाराज होताच कामा नयेत" हा हट्ट झाला. "नाराज झाले नाहीत तर बरं, झालेच तर वाईट वाटेल पण मी निभावेन" ही इच्छा झाली. हट्ट धरलास की तोंडच उघडत नाही.

तर या रविवारी बाबांना फोन कर, आईच्या नाही, त्यांच्याच नंबरवर. "बाबा, या महिन्यात मी घरी येणार नाहीये, मला आराम हवाय" एवढंच सांग, ऑफिसचं खोटं कारण देऊ नकोस, आणि ते गप्प झाले तर घाईघाईने "बरं येते" म्हणू नकोस, ती शांतता जरा सहन कर. अहोजाहो, आदर सगळं तसंच राहू दे, त्याने काही अडत नाही. (ज्या घरात मारहाण किंवा धमक्या असतात तिथे मी हे अजिबात सांगणार नाही, तिथे आधी सुरक्षित माणूस शोधावं लागतं. तुझे बाबा तसे नाहीत हे तू सांगितलंस म्हणून लिहितेय.)

मॅनेजरचं त्यानंतर बघू. फोन झाला की कळव, बाबा चिडले तरी कळव.